टाक्यात पाणी किती होतं

पास्टरांनी चर्चचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे दिलं, त्याचा माझ्या श्रद्धेशी काही संबंध नव्हता. मी निवृत्त प्राध्यापक होतो, जन्मभर मराठी शिकवलेली होती आणि अकोल्यात रिकामा बसलेला होतो. शिवाय हे चर्च माझ्या थोरल्या बहिणीच्या अमरावतीच्या घरात सुरू झालेलं. त्यामुळे मी घरचा माणूस. त्या चर्चमध्ये मी वीस वर्षांत कधी टाळी वाजवली नव्हती, हे पास्टरांनी मोठ्या मनाने सोडून दिलं.

"सर, स्मरणिका काढतोय. चाळीस पानं. तुमचं लेखन पहिल्या पानापासून," ते म्हणाले. "सुरुवात प्रभूनं मला दर्शन दिलं तिथपासून करा. प्रेरणादायी होईल."

पास्टरांना दर्शन झालं तेव्हा चर्च चार वर्षांचं झालं होतं, असं मी म्हणालो. त्यावर ते हसले. मे महिन्यात अमरावतीच्या चौकात त्यांचा सूट घातलेला फ्लेक्स लागलेला असतो. उन्हाने फ्लेक्सचा रंग उडतो, सूट मात्र तसाच असतो. ज्याला हे जमतं त्याला चार वर्षं मागेपुढे करणं काही अवघड नाही.

खरी सुरुवात डोकेदुखीपासून झाली. ताईचं डोकं तीन वर्षं दुखत होतं. शेजारी बस डेपोतला एक मेकॅनिक राहत असे. दर शुक्रवारी त्याच्या घरी दहा-बारा माणसं जमून प्रार्थना करत. एका शुक्रवारी तो ताईच्या घरी आला, तिच्या कपाळावर खोबरेल तेलाचं बोट टेकवून दहा मिनिटं मोठ्यानं प्रार्थना केली, आणि महिनाभरात डोकेदुखी गेली. त्याच महिन्यात तिच्या चष्म्याचा नंबरही बदलला होता. पण ताईची साक्ष मी आजवर निदान पन्नास वेळा ऐकली असेल, तिच्यात चष्मा आलेला मला आठवत नाही. साक्ष म्हणजे आराधनेत उभं राहून देवानं आपलं काय केलं ते सगळ्यांना सांगायचं. दर खेपेला सांगताना तिचे कंगोरे घासले जातात आणि ती गुळगुळीत होते. हे मी तेव्हाच टिपून ठेवलं होतं आणि त्याबद्दल स्वतःवर खूष होतो.

मेकॅनिकचं घर लहान पडलं तेव्हा प्रार्थना ताईच्या बाहेरच्या खोलीत आली. एक सतरंजी, एक ढोलकी, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. भाऊजी ओट्यावर बसून पेपर वाचत आणि आतून हालेलुया आला की पान उलटत. मग मागच्या प्लॉटवर टिनाचं शेड आलं. उन्हाळ्यात त्या शेडमध्ये बसणं हाच एक उपास होता. आणि आता बायपासजवळ काचेची दर्शनी भिंत असलेला हॉल आहे. स्टेजवर सोन्याच्या रंगाच्या दोन खुर्च्या आहेत, पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांना पांढरे अभ्रे आणि पाठीशी बो बांधलेले आहेत. ताई त्या रांगेत बसत नाही. बो पाठीला टोचतो म्हणते.

हे सगळं लिहिणं सोपं होतं. पण इतिहासाला एक दिवस लागतो, आणि तो दिवस होता पहिल्या बाप्तिस्म्याचा. तो मी लिहिला आणि तिथेच घोळ झाला.

त्या दिवशी तिघांचा बाप्तिस्मा होता. ताई, भाजी विकणारी एक म्हातारी, आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा, शुक्रवारी कॅसिओ वाजवणारा एक तरुण. तो तरुण म्हणजे आजचे पास्टर. या लोकांत कपाळावर पाणी शिंपडून भागत नाही. माणूस अख्खा पाण्याखाली जावा लागतो, जुनं आयुष्य पुरून नवं घेऊन वर यावा लागतो. एप्रिल महिना. नदीत वाळू होती. म्हणून मेकॅनिकच्या ओळखीतून चांदूर बाजारच्या रस्त्यावरच्या एका संत्र्याच्या बगीच्यातलं सिमेंटचं टाकं ठरलं. सकाळी पंप सुरू केला, टाकं भरू लागलं आणि लाईन गेली.

मी ताईला स्कूटरवरून घेऊन गेलो होतो. घरचं म्हणून तिच्याबरोबर मी एकटाच होतो. आमच्या घरात धर्म एकदा बदलून झालेला होता. छप्पन साली अठराव्या वर्षी बाबांनी दीक्षा घेतली, आणि ते आयुष्यभर त्या एका गोष्टीवर ताठ उभे राहिले. तो पुन्हा बदलायचं कोणी मनावर घेईल हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. "म्या ज्याच्यातून बाहेर निघालो, त्याच्यातून तू बी निघाली होती," एवढंच ते ताईला म्हणाले. "मंग आता कायले दुसऱ्याच्या दारात?" बाप्तिस्म्यानंतर त्यांनी तिच्या घरी पाणी घेणं बंद केलं. येत, ओट्यावर बसत, नातवंडांची चौकशी करत, तहान लागली की उठून जात. लहानपणी ज्यांना वरून ओतलेलं पाणी ओंजळीत धरून प्यावं लागलं, ते बाबा. मरेपर्यंत त्यांनी हा हट्ट सोडला नाही.

बाप्तिस्म्याचा हा किस्सा मी पुढे अकोल्याच्या स्टाफरूममध्ये खूप सांगितला. 'लाईन गेली, टाक्यात पाणी मांडीएवढं. आमच्या ताईचा बाप्तिस्मा हप्त्याहप्त्याने झाला. आधी पाय, मग पाठ, आणि डोकं काही बुडेना म्हणून वरून एक बादली.' लोक हसायचे. इतिहास लिहिताना ते वाक्य आपसूक कागदावर उतरलं. इतक्या गंभीर चाळीस पानांत एक खिडकी उघडी असावी, असं मला वाटलं.

कच्चा मजकूर वाचून दाखवायला मी अमरावतीला गेलो. ताई स्वयंपाकघरात अंबाडीची भाजी निवडत बसली होती. डोकेदुखीपाशी ती हसली. मेकॅनिक ब्रदरच्या नावाशी डोळे पुसले. तो जाऊन सहा वर्षं झाली होती. मग बादली आली. मी तिच्या हसण्याची वाट पाहत थांबलो.

तिच्या हातातली काडी तशीच राहिली. "डोकं राह्यलं होतं?"

"अगं, गंमत आहे ती."

"गंमत होय, का झालं होतं?"

"पाणी कमी होतं ना. तुला आठवत नाही?"

"मी तं डोळे मिटले होते," ती म्हणाली, आणि निवडलेली भाजी पुन्हा न निवडलेल्या भाजीत टाकली.

दोन दिवसांनी दुपारी तिचा फोन आला. "भाऊ, बादली लाल होती का?"

"हो, लालच," मी म्हणालो. का म्हणालो, ते आजही सांगता येत नाही. लाल शब्द चांगला बसला एवढंच.

त्यानंतर ती नीट झोपत नाही, असं भाचीने कळवलं. आराधनेत ती साक्षीला उभी राहीना. बाहेरची खोली दिवसातून दोनदा झाडते, देवाला काही विचारते आणि उत्तर यायच्या आत उठते, असं भाचीचं वर्णन होतं. मी पुन्हा गेलो. ताई दारातच म्हणाली, "बाबा नऊ वर्षं माह्या घरचं पानी प्याले नाई. कायच्यासाठी? डोक्यावर बादली वतून घेतली त्याच्यासाठी? बादली तं मी घरी बी वतून घेत होती."

हातात पिशवी होती, ती मी उगाच एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

पास्टरांकडे मजकूर पोचला होताच. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. एसी सुरू होता. टेबलावर त्यांच्या नावाची काचेची पाटी आणि नावाच्या आधी जोडलेली तीन पदं. "सर, बादलीचा परिच्छेद काढून टाका," ते म्हणाले.

"पण तुम्हीही होतात की तिथं. तुम्हीच सांगा ताईला, पाणी पुरेसं होतं म्हणून."

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. चौकातल्या फ्लेक्सवरचा माणूस उतरून त्या खुर्चीत मोबाइलच्या दुकानातला पोरगा येऊन बसला. "सर, मी तिसरा होतो. मोठी सिस्टर, म्हणजे तुमची ताई, पाण्यात गेली तेव्हा आमची प्रार्थना चालू होती. डोळे मिटून. अन् मी गेलो तेव्हाही माझे डोळे मिटलेलेच होते." काचेची पाटी सरळ करत ते म्हणाले, "त्यांचं झालं नसन तर माझं तरी कुठं झालं? मी आजवर लोकांना बुडवून राहिलोय."

मला त्यांची दया आली. याआधी ती कधी आली नव्हती, म्हणून ओळखायला वेळ लागला.

ताईचं म्हणणं होतं की टाकंच जाऊन पाहू. गुडघे दुखत असताना ती एसटीने चांदूर बाजारला आली, तिथून आम्ही ऑटो केला. बगीच्यात आता ठिबक आहे, टाकं कोणी वापरत नाही. मालकाच्या मुलाला आम्ही कोण ते कळलं नाही, पण म्हातारी बाई टाकं पाहायला आली म्हटल्यावर त्याने खाट टाकली. टाक्यात वाळका पाला आणि संत्र्याचे मोडके क्रेट होते. ताई काठाशी उभी राहिली. काठ तिच्या छातीला लागत होता.

"भरलं असन तं बुडन माणूस," ती म्हणाली.

"भरलं नव्हतं ना."

"पन किती?"

भिंतीवर पाण्याच्या रेषा होत्या. वेगवेगळ्या वर्षांच्या दहा-बारा रेषा, एकावर एक. त्यांतली आमची कोणती, ते सांगायला कोणी नव्हतं. ताईने हात पुरला तिथवर एकेका रेषेवरून बोट फिरवलं.

पंपाची खोली कुठे होती ते पाहावं म्हणून मी झाडांतून चालत गेलो. ती बरीच लांब निघाली. लोखंडी स्टार्टरची पेटी अजून भिंतीवर होती, गंजलेली. तिच्याखाली दगडी ओटा. मी त्या ओट्यावर बसलो आणि टाक्याच्या दिशेने पाहिलं. टाकं दिसत नव्हतं. संत्र्याच्या चार ओळी आणि खोलीची भिंत मध्ये. दिसण्यासारखं काही नव्हतंच.

तेव्हा एकेक परत यायला लागलं. लाईन गेल्यावर मेकॅनिक ब्रदर मला म्हणाला होता, "भाऊ, तुमी स्टार्टरपाशी बसा. लाईन आली का बटन दाबा." प्रार्थनेत ज्याला डोळे मिटायचे नव्हते असा मी तिथे एकटाच होतो, म्हणून हे काम मला मिळालं. मी या ओट्यावर अर्धा-पाऊण तास बसलो होतो. ऊन मी म्हणत होतं. पंपाजवळ पाण्याने भरलेली एक बादली होती. ती मी उचलून माझ्याच डोक्यावर ओतली होती. लाईन आलीच नाही. परत गेलो तेव्हा तिघंही काठाशी ओलेचिंब उभे होते आणि लोक गात होते.

बादली माझी होती. मांडीएवढं पाणी, पाठ, डोकं, ते हप्ते, सगळं मी तिथून पुढे रचलं होतं, स्टाफरूमच्या चहाबरोबर. दरवर्षी थोडं घासून गुळगुळीत केलं होतं. ताईच्या साक्षीतून चष्मा गळला म्हणून मी इतकी वर्षं मनात हसत होतो, आणि माझ्या साक्षीत तर मी स्वतःच हजर नव्हतो.

मी परत येऊन ताईला हे सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, कारण बसवत नव्हतं.

ती ऐकून घेत होती. "मंग लाल काहून म्हणला?"

"चुकलं."

"मले लाल बादली दिसून राह्यली होती भाऊ. दोन हप्त्यांपासून. डोक्यावर येतानी दिसते." तिने पदराने तोंड पुसलं. "मंग कोनी पाह्यलं?"

मी मनात मोजदाद केली. ब्रदर पाहत असणार, तो गेला. म्हातारी गेली. बाकीच्यांचे डोळे मिटलेले. सगळ्यांनी डोळे उघडे ठेवावेत असा तो एकच क्षण, आणि नेमके तेव्हाच सगळे भक्तीत होते. ज्याला भक्ती नव्हती तो भिंतीआड स्वतःला गार करत होता.

"कोणीच नाही," मी म्हणालो.

मला वाटलं ती रडेल. ती खाटेवर बसली, मालकाच्या मुलाने आणलेलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "तू रविवारी उभा राह्य. साक्षीले. हे जसं मले सांगतलं तसं सांग."

"चर्चमध्ये?"

"मंग का एसटीत?"

पुढचे चार दिवस मी अकोल्यात घरभर फिरत होतो. वाचायला घेतलेलं पुस्तक एकाच पानावर उलटं ठेवलेलं राहिलं. शेकडो विद्यार्थ्यांपुढे बोललेला माणूस मी. पण तिथे मला दुसऱ्यांच्या चुका सांगायच्या असत.

रविवारी माझ्या हातात माइक आला. मी तीन वाक्यं बोललो. "ताईच्या बाप्तिस्म्याबद्दल मी जे लिहिलं ते मी पाहिलेलं नाही. मी स्टार्टरपाशी होतो. बादली माझ्या डोक्यावर पडली होती, तिच्या नाही." मग मागच्या रांगेतून सवयीने कोणीतरी हालेलुया म्हणालं आणि त्याच्या मागून चार-पाच जण. माझी साक्ष मंजूर झाली असं मी धरलं.

त्या रविवारी स्टेजच्या फळ्या काढून खालचं टाईल्सचं टाकं भरलेलं होतं. अमरावतीत नळ एक दिवसाआड येतो, त्यामुळे ते दोन दिवस आधीपासून भरत आणलेलं. चार जणांचा बाप्तिस्मा होता. पास्टर छातीएवढ्या पाण्यात उभे होते. चौथा माणूस वर आला आणि त्याच्या मागे पाचवी ताई उभी होती, पांढऱ्या लुगड्यात, कठडा धरून.

पास्टर पायरीजवळ आले. "मोठी सिस्टर, बाप्तिस्मा एकच असते. दोनदा नाही देता येत."

"पयला झाला असन तं ही नुसती आंघोळ," ताई म्हणाली. "आंघोळीले कोनाची मनाई हाय?"

"अन् मग माझं?" ते इतक्या हळू म्हणाले की टाक्याच्या काठावर टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या मलाच ते ऐकू आलं.

"तुह्यं तू पाह्य बाप्पा." ती वळून लोकांना म्हणाली, "आज कोनी डोळे मिटू नका. प्रार्थना उघड्या डोळ्यांनं करा. मी बी मिटत नाई." तिने चष्मा काढला नाही. पास्टरांनी तो घ्यायला हात पुढे केला तेव्हा म्हणाली, "राहू द्या. मले या खेपेले सगळं पाहाचं हाय."

दोनशे माणसं डोळे फाडून पाहत होती. पास्टरांनी तिच्या पाठीमागे हात धरला, शब्द उच्चारले आणि तिला मागे झोपवलं. कपाळ गेलं, नाक गेलं, कपाळावर आलेली पांढरी बट सगळ्यात शेवटी गेली. मी पाहिलं. हे कितीही वेळा सांगितलं तरी यात मला काही घालावं लागणार नाही.

ती वर आली, धापा टाकत, आणि तिने चेहऱ्यावर हात फिरवला. "चष्मा?"

चष्मा खाली गेला होता. पाणी हलत होतं, काठावरून काही दिसत नव्हतं. एक-दोघे सेवक शर्टच्या बाह्या वर करत पुढे आले. पास्टरांनी त्यांना हाताने थांबवलं. ते एकदा ताईकडे पाहत राहिले, मग खाली गेले. अख्खे गेले. केस चोपडून बसवलेलं डोकंही गेलं, वर फक्त बुडबुडे. चष्मा शोधायला जितका वेळ लागावा त्यापेक्षा ते जास्त वेळ खाली राहिले असं मला वाटलं. पण अशा बाबतीत मी आता छातीठोकपणे बोलत नाही. वर आले तेव्हा त्यांच्या उजव्या हातात चष्मा होता आणि त्यांना तोंड पुसायचं सुचत नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चष्मा सापडला म्हणून आपण वाजवतोय, असं त्यांना वाटलं.

मीही वाजवल्या. टॉवेल काखेत धरून नीट वाजत नाहीत.

स्मरणिका अजून निघालेली नाही. त्या दिवसाबद्दल मी आता एकच ओळ ठेवली आहे: चांदूर बाजारच्या रस्त्यावरच्या एका बगीच्यात तिघांचा बाप्तिस्मा झाला, पाणी किती होतं ते नक्की माहीत नाही. पास्टरांनी त्या ओळीभोवती लाल पेनने गोल केला, मग तो गोल खोडला.

त्या रविवारी घरी जाताना आम्ही ऑटोत होतो. ताईच्या केसांतलं पाणी सीटवरून माझ्या बाहीत उतरत होतं. चष्म्याची एक काडी वाकली होती, ती तिने बोटांनी सरळ केली आणि चष्मा घातला.

"पुरी गेली होती ना मी?"

"पुरी."

"तू पाह्यलं?"

"पाह्यलं."

ऑटो सिग्नलला थांबला. ती बाहेर पाहत होती. "चाल, बाबाचा राग आता फुकट नाई गेला," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत दोन वेळा ऑटोवाल्याला रस्ता चुकल्याबद्दल बोलली. तो चुकला नव्हता.